पंचफुलाबाईची भिंत

"ही भिंत उतरवावी लागेल," ओव्हरसियर हरिचंद म्हणाला. "मातीचं बांधकाम नियमात बसत नाही."

पंचफुलाबाई चिखल तुडवत होती, ती थांबली. डोंगरकडा गावच्या नव्या वस्तीत तिला सरकारी जागा मिळाली होती. वर्षात पक्कं घर उभं राहिलं नाही तर जागा परत जाणार होती. गावातल्या निम्म्या भिंती तिच्या हातच्या. नवरा गेल्यावर दोन पोरी तिनं याच कामावर वाढवल्या.

"पक्कं म्हंजी काय, सायेब?"

"दगड, नाहीतर विटा."

"ही भिंत दीड हात रुंद हाय. पहार मारून पाहा बरं."

हरिचंदनं खरंच पहार उचलली. तीन घाव घातले, तेव्हा बोटभर खळगा पडला. त्यानं पहार खाली ठेवली.

"भिंत चांगली आहे, बाई. पण माझ्या फॉर्मात मातीचा रकानाच नाही."

"आन बाहीरून वीट लावली तर?"

त्यानं कागद पुन्हा वाचला. "तर विटांची म्हणून लिहिता येईल."

दोन महिने ती वीटभट्टीवर राबली आणि मजुरीत विटा घेतल्या. बाहेरून एकेक वीट लावताना आपली भिंत दिसेनाशी होत गेली, तसा तिचा हात मंदावत गेला. थोरली पोरगी केशर म्हणाली, "माय, काहून थांबली?"

"थांबली न्हाई. आतून तर आपलीच हाय."

छपराबद्दल फॉर्म काही बोलत नव्हता, म्हणून वर तिनं मातीचं माळवद घातलं. घर पास झालं. वस्तीतल्या बाकीच्यांनी मात्र हिंगोलीचा गवंडी आणला, विटा रचल्या, वर पत्रे टाकले. भिंतीसाठी तिला कुणी बोलावलं नाही. ती निंदणी-खुरपणीला जाऊ लागली.

पुढच्या वैशाखात हरिचंद ती घरं तपासायला आला. दुपारपर्यंत पत्र्याखाली उभं राहवेना. पाणी मागायला तो पंचफुलाबाईच्या दारात आला आणि आत येऊन भिंतीला टेकला.

"गार आहे हो इथं."

"व्हय. बसा निवांत."

ती दुसरा तांब्या भरून आली तेव्हा तो झोपला होता. मांडीवरचं रजिस्टर खाली घसरलं होतं. तिनं ते उचलून त्याच्याजवळ ठेवलं, ऊन तोंडावर येऊ नये म्हणून दार पुढं ओढलं आणि स्वतः बाहेर सावलीला जाऊन बसली.