क्लचवरचा पाय

गिअरबॉक्सचा शेवटचा बोल्ट सुटला तसा सगळा भार जॅकवर आला आणि ईश्वरप्पानं जीपखालून सांगितलं, "सोड. हळू सोड."

सावित्रम्मानं जॅकचा दांडा दोन्ही हातांनी धरून थोडा थोडा सैल केला. डोक्यावरचा पदर घसरू नये म्हणून तिनं त्याचं टोक दातांत धरलं होतं, त्यामुळे बोलता येत नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. लग्नाआधी हे काम तिनं किती गाड्यांवर केलं होतं ते बापाला, ईश्वरप्पाला, ठाऊक, आणि आज आपण तिला कुठल्या गाडीला हात लावायला लावतोय तेही ठाऊक. तेलानं माखलेलं ते धूड फळीवर टेकलं. ईश्वरप्पानं ते बाजूला सरकवलं, आतली क्लच प्लेट काढली आणि जळक्या वासासकट तो बाहेर आला.

लिंबाखाली खुर्ची टाकून व्याही महादेवप्पा बसले होते. दुधनीला त्यांची अडत. ही जीप त्यांनी दुष्काळ सरल्यावर, पहिल्या चांगल्या सुगीत घेतलेली. आज सकाळी सुनेला न्यायला म्हणून ते स्वतः चालवत आले आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या या गॅरेजच्या फाटकातच गाडीनं मान टाकली. इंजिन नुसतं ओरडत होतं, चाकं हलत नव्हती. "गाडीला पण सोयरीक कळती, बरोब्बर मिस्त्रीच्या दारात बंद पडली," असं म्हणून ते एकटेच हसले होते.

"सुनेला गॅरेजात राबवताय की, व्याही," ते आता म्हणाले.

"हाताखालचा धुळाप्पा गावाला गेलाय. एकट्यानं हे उतरत न्हाय. तुमाला तर सांजच्याला निघायचंय."

"निघायचंच हाय." सुनेचा विषय तिथंच मिटला.

ईश्वरप्पानं प्लेट त्यांच्यापुढे धरली. तिच्यावरचं अस्तर रिव्हेटांपर्यंत जळून गेलं होतं.

"पाय क्लचवर ठेवून चालवता का?"

"ठेवतोच की. पायाखाली असली म्हंजे गाडी ताब्यात राहती."

"तशानंच जळती ती. गिअर पडला की पाय उचलायचा असतो."

"असू द्या. माझी सवय काय आता जायची न्हाय. तुमी चांगली बघून टाका."

क्लचचं काम तसं साधं. पूर्ण दाबला की तो चाकांना इंजिनापासून सोडवतो, पाय उचलला की धरतो. अर्धवट दाबून ठेवला तर ना सोडतो ना धरतो, मधल्या मधे घासत राहतो. हे ईश्वरप्पानं उभ्या जन्मात किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. व्याह्यांना मात्र एकदाच सांगितलं आणि हात पुसत तो घरात गेला.

स्वयंपाकघरात काशम्मा त्याचीच वाट बघत होती. नागपंचमीला आलेली लेक, गौरी-गणपती उठले तरी सासरी गेली नव्हती. आज जाते, उद्या जाते करत राहिली होती. का, ते सांगत नव्हती. विचारलं की उठून भाकरी थापायला बसायची. पण आईला सांगावं लागतं थोडंच.

"आज सोमवार. आजची सांज तेवढी टाळा," काशम्मा हळू आवाजात म्हणाली. "उद्या मंगळवार, लेक पाठवत न्हाईत. परवा बुधवार, जाशील बुधी येशील कधी. बेस्तरवारपतोर पोरगी आपली."

"कशी टाळू? व्याही दारात बसल्यात."

"प्लेट उलटी बसवा. मागं धुळाप्पानं बसवली हुती, दोन दिस गाडी हलली नव्हती."

मिस्त्रीची बायको म्हणजे अर्धी मिस्त्रीच. तिचं खरं होतं. प्लेटीची एक बाजू मधोमध फुगलेली असते, ती गिअरबॉक्सकडे यायला हवी. उलटी ठेवली तरी बसते, बोल्टही आवळले जातात, सगळं शहाण्यासारखं दिसतं. पण मग पाय कितीही दाबा, क्लच सुटत नाही. पुन्हा सगळं उतरवावं लागतं, आणि चूक कुणाच्याही हातून होते, त्याला कोण काय म्हणणार?

"आन् बेस्तरवारी?" ईश्वरप्पानं विचारलं.

काशम्मानं आमटीला फोडणी अशी दिली की बाहेर व्याही शिंकले.

सायकल काढून तो नव्या पेठेत गेला. दुकानदारानं फळीवर दोन प्लेटा ठेवल्या.

"नवी एकीच है, मिस्त्री. ये दुसरी पुरानी, अस्तर नवा मारे सो. गाडी किसकी?"

"व्याह्यांची."

"फिर सोचते क्या? नवी लेव."

ईश्वरप्पानं तरीही जुनी हातात घेतली. दिसायला नव्यासारखीच होती. पण व्याह्यांच्या त्या पायाखाली ती दुधनीपर्यंत टिकायची नाही. अक्कलकोटच्या पुढे कुठं तरी, अंधारात, दोन्ही बाजूंना तूर, आणि गाडीत त्या माणसाबरोबर सावित्रा. त्यानं जुनी परत ठेवली आणि नवी पिशवीत घातली.

तिसरा मार्ग होताच. मिळाली न्हाय, एवढंच म्हणायचं. हे दोन शब्द त्यानं सबंध वाटेवर तोंडात घोळवले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. फाटकातून आत आला, व्याही खुर्चीतून थोडे उठले, आणि त्याच्या हातातली पिशवी आपली आपणच पुढे झाली. मुलीच्या बापाचे हात असेच असतात, बोलायच्या आधी पुढे होतात.

"मिळाली व्हय? झकास," महादेवप्पा म्हणाले.

आता जुना दांडा पाहिजे होता. प्लेट अगदी मधोमध बसावी म्हणून तिच्यातून गिअरबॉक्सचा एखादा मोडका दांडा घालून ठेवतात, नाहीतर नंतर काही केल्या गिअरबॉक्स जागी शिरत नाही. तो दांडा मागच्या खोलीत होता. खोली पूर्वी सुट्या भागांची. सावित्रा आल्यापासून तिथं झोपायची.

दाराला हात लावताना त्याच्या बोटांना कडी लागली नाही. लाकडावर स्क्रूंची भोकं तेवढी दिसत होती. आत खिडकीत एका वाटीत कडी होती, स्क्रू होते, आणि शेजारी त्याचा लहान पेचकस, जो तो सकाळपासून शोधत होता.

दांडा उचलून तो वळला. सावित्रम्मा मागे येऊन उभी होती.

"कडी कुणी काढली?"

"मी."

"का गं?"

"बाहेरनं लागती ती."

"हितं कोण लावणार हाय तुला बाहेरनं?"

"हितं न्हाय," ती म्हणाली. मग वाटीतला एक स्क्रू उचलून बोटांत फिरवत राहिली. "तितं अडतीमागच्या खोलीत निजायचं. हे मालासाठी गुलबर्ग्याला गेले की मामंजी कडी घालत्यात. तरणी सून, जबाबदारी हाय म्हणत्यात. उन्हाळ्यात ताप भरला हुता तवा लई हाका मारल्या मी, अप्पा. घशाला कोरड पडली हुती. बाहेर खोकत हुते ते, जागेच हुते. सकाळच्यालाच उघडलं."

"जावयाला सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणाले, आमच्या आईला पण घालायचे."

ईश्वरप्पाला इतका राग आला की हातातला लोखंडी दांडा जड लागेना. पण राग आला की ओरडायचं, हे त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यानं त्या भोकांवरून अंगठा फिरवला.

"दिवा घे," तो शेवटी म्हणाला. "प्लेट बसवू."

तारेचा दिवा घेऊन ती जीपच्या बाजूला गुडघे टेकून बसली. ईश्वरप्पा खाली शिरला. त्यानं नवी प्लेट कागदातून काढली, पुसली आणि इंजिनाच्या चाकावर टेकवली. फुगलेली बाजू आत, इंजिनाकडे. उलटी.

सावित्रम्माला ते लगेच कळलं. तिनं दिवा हलवला नाही. मागच्या दारात काशम्मा तांदळाचं सूप घेऊन उभी होती, तिचेही हात थांबले. लिंबाखाली महादेवप्पा पेपरानं वारा घेत होते. बेस्तरवारपतोर, सावित्रम्माच्या मनात आलं. त्या तीन दिवसांत काय होणार होतं कुणास ठाऊक, पण तिला ते तीन दिवस हवे होते. घोटभर पाणी हवं असतं तसे हवे होते.

ईश्वरप्पानं प्लेट तशीच धरून ठेवली. मग काढली. उलटून सरळ केली, दांडा घातला आणि पहिला बोल्ट हातानं फिरवला.

"सोळाचा पाना दे."

तिनं दिला. दिवा दुसऱ्या हातात घेतला आणि तोंड फिरवलं. बापानंही सोडलं, असं तिला वाटलं आणि पदर दातांत असतानाच ती रडली. आवाज झाला नाही. ईश्वरप्पा एकेक बोल्ट समोरासमोरचे असे आवळत गेला, थोडा हा, थोडा तो, हात जराही घाईला न येऊ देता. मग दोघांनी मिळून गिअरबॉक्स वर चढवली. ती एका दमात जागी गेली.

गिरणीचा भोंगा झाला तेव्हा ऊन लिंबाच्या शेंड्यावर होतं. ईश्वरप्पा नाक्यापर्यंत जीप फिरवून आला आणि चावी व्याह्यांच्या हातात दिली. महादेवप्पांनी बसून इंजिन चालू केलं, पॅडल दाबून बघितलं.

"वा. हात हाय तुमच्यात, व्याही." त्यांनी गिअर टाकला आणि पाय दाबून धरला. "नडी, चल गं, सावित्रा. बस. ऊन हाय तंवर अक्कलकोट गाठू."

सावित्रम्मानं पायरीवरची पिशवी उचलली. काशम्मानं त्यात शेंगाची चटणी आणि भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. ती जीपपाशी आली तेव्हा ईश्वरप्पा मधे उभा होता.

"सावित्रा, तुला जायचंय का?"

हे तिला सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं. खरं म्हणजे लग्न ठरल्यापासूनच कुणी विचारलं नव्हतं. तिनं आईकडे बघितलं, सासऱ्यांकडे बघितलं आणि मग बापाच्या काळ्या हातांकडे.

"न्हाय," ती म्हणाली.

"मग ठेव पिशवी."

महादेवप्पांना आधी हसू आलं. मग त्यांनी ईश्वरप्पाचं तोंड पाहिलं.

"ही काय थट्टा लावलीय?"

"थट्टा न्हाय. तुमची गाडी तयार हाय. कुटं अडायची न्हाय, माझी जबाबदारी. पोरगी येणार न्हाय."

"काय झालं काय? कोण काय बोललं तिला?"

"जावयांना पाठवा. एक रात त्यांनी माझ्या मागच्या खोलीत निजावं. मी बाहेरनं कडी घालतो. सकाळी उठून ते म्हणाले, बरी झोप लागली, तर पोरगी न्या."

महादेवप्पांची नजर सुनेवर गेली. ती पिशवी पायरीवर ठेवत होती, पाठमोरी, सावकाश.

"तिच्या काळजीपोटीच करत हुतो," ते म्हणाले.

"व्हय. गाडीची पण केलीच की."

"चारचौघांत तोंड दाखवायचं हाय तुमाला, ईश्वरप्पा. पोरीच्या बापानं इतकं ताठ राहून चालत न्हाय."

ईश्वरप्पानं हात कापसाच्या बोळ्यात पुसायला घेतले आणि पुसतच राहिला. गाडी गिअरमध्ये होती, इंजिन चालू होतं, आणि व्याह्यांचा डावा पाय अजून क्लचवरच होता.

"पाय उचला, व्याही," तो म्हणाला. "नवी हाय. जळल."

जीप गेली. एक हिसकासुद्धा न देता गेली.

धूळ बसल्यावर काशम्मा म्हणाली, "एवढंच बोलायचं हुतं तर दिसभर खाली निजून नीट कशाला बसवलीत?"

"उलटी बसवली असती तर तो बेस्तरवारपतोर हितंच बसला असता."

काशम्माला हसू आलं. हसता हसताच ती पायरीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. समाजाची बैठक बसेल, माणसं येतील, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दिवेलागणीला ईश्वरप्पा मागच्या खोलीशी आला. हातात ती वाटी होती आणि लहान पेचकस. सावित्रम्मा अंथरूण घालत होती. वाटी बघून ती उभी राहिली.

"नको, अप्पा. राहू द्या तशीच."

तो आत आला, दार लोटून घेतलं आणि कडी दाराच्या आतल्या अंगाला टेकवून धरली.

"सरळ हाय का बघ."

सावित्रम्मा बघत राहिली. मग पुढे झाली आणि त्याच्या हाताखाली हात घातला.

"जरा वर," ती म्हणाली.