दोन मीटरचा फरक

मला संशयी म्हणतात. म्हणू देत! पंचवीस वर्षं हवामान खात्यात काढली, त्यामुळे माझा आकड्यांवर चटकन विश्वास बसत नाही, माणसांवर तर नाहीच. बायको म्हणते, "तुम्ही चहासुद्धा हुंगून पिता." पितो. काय बिघडलं?

त्या सकाळी बेटावरच्या केंद्रातून आकडा आला आणि माझ्या कपाळाला आठी पडली. पाच हजार आठशे ब्याऐंशी. काल चौऱ्याऐंशी, परवा ब्याऐंशी, त्याआधी चौऱ्याऐंशी.

"पट्टा भक्कम आहे," साहेब खुशीत म्हणाले. "समुद्रातलं वादळ सरळ पश्चिमेला जाणार."

समुद्रावर जास्त दाबाच्या हवेचा लांबलचक पट्टा पसरलेला असतो. वादळाला तो ओलांडता येत नाही. अंधारात आपण भिंत धरून चालतो, तसं ते त्याच्या दक्षिणेच्या कडेनं पश्चिमेला सरकत राहतं. पट्टा विरला की त्याला वाट मिळते आणि ते उत्तरेला वळतं. बेटावरून रोज एक फुगा वर सोडतात. हवेचा ठरावीक दाब किती मीटर उंचीवर सापडला ते त्यावरून कळतं. आकडा मोठा, तर पट्टा भक्कम.

आणि उत्तरेच्या त्या वाटेवर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. मालवाहू बोट आणि नऊ माणसं घेऊन पहाटेच निघालेला.

"साहेब, हे आकडे खोटे आहेत."

"झालं तुमचं सुरू! परवा भिंतीवरच्या घड्याळावर संशय घेतलात."

"ते मागेच होतं ना?"

"दोन मिनिटं!" अख्खी खोली हसली.

मी तडक बेटावर फोन लावला. तिथला निरीक्षक माझ्याच हाताखाली तयार झालेला.

"फुगा सोडलास?"

"सोडला, सर."

"कुठल्या बाजूला गेला?"

"पूर्वेला... नाही, पश्चिमेला."

"खरं बोल रे! माझा माणूस समुद्रात आहे."

त्याचा आवाज रडवेला झाला. "चार दिवस झाले, फुग्यात भरायचा गॅस संपलाय. कळवलं तर केंद्र बंद करतील, सर. म्हणून दोन मीटर वाढवायचे, दोन कमी करायचे. तुम्हीच शिकवलं होतंत."

मी फोन साहेबांच्या हातात दिला, तर पठ्ठ्या त्यांना म्हणाला, "रोज फुगा सोडतो, साहेब. काही तक्रार नाही."

साहेबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मी वायरलेसकडे धावलो.

"जावईबापू, मागे फिरा!"

पलीकडून हसू आलं. "दादा, गेल्या वर्षी तुम्ही तीनदा फिरवलंत. तिन्ही वेळा लख्ख ऊन पडलं. या वेळी पुरावा काय?"

साहेब मागेच उभे होते. टंकलेखक, शिपाई, सगळे ऐकत होते. मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती.

"पुरावा मीच आहे. बेटावर होतो तेव्हा कंटाळा आला की मी असेच आकडे लिहायचो. सात वर्षं. ही लबाडी माझी आहे, म्हणून ओळखली."

"वळवतो," तो म्हणाला. पुढे 'दादा' म्हणाला नाही.

संध्याकाळी बोट धक्क्याला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ उत्तरेला वळलं. साहेबांनी कपाटातून माझ्या बेटावरच्या सात वर्षांच्या वह्या काढून टेबलावर ठेवल्या, एक पान उघडलं आणि विचारलं, "यातला खरा आकडा कुठला?"

मी वही जवळ ओढली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत शोधत बसलो.