बर्फापर्यंत गालिचे

आमच्या गावाबाहेर एक कुरण आहे. हिवाळ्यात त्यात गुडघाभर पाणी सोडायचं आणि गोठलं की सगळ्या गावानं स्केटिंग करायचं. पण बर्फ तपासणारा माझा भाऊ फोल्कर्ट झेंडा चढवेपर्यंत कोणीही बर्फावर पाऊल टाकायचं नाही, मग तो महापौर का असेना! तीन हिवाळे थंडीच पडली नाही, झेंडा पेटीतच राहिला. तेवढं निमित्त साधून नगरपालिकेच्या उद्यान समितीच्या मीर्थाबाई म्हणाल्या, "या हिवाळ्यात एकदा तरी झेंडा चढला तर कुरण तुमचं. नाहीतर तिथं गाड्या लावायची सोय करू." तेव्हापासून फोल्कर्टला अन्न गोड लागेना.

फेब्रुवारी सरता सरता थंडी आली एकदाची. फोल्कर्टनं पाण्याचे पातळ थर मारून मारून बर्फ जमवला. शनिवारी मी वाटाण्याच्या सूपचं पातेलं घेऊन पोचले, तर सगळा गाव पायात स्केट चढवून काठावरच उभा! फोल्कर्ट बाकावर डोकं धरून बसलेला.

"काय झालं रे?"

"मीठ. कोणी घसरू नये म्हणून नगरपालिकेच्या गाडीनं वाटेवर मीठ टाकलं, ते ओघळून आत गेलं. मधे बर्फ पक्का आहे गं, पण काठ सगळा पिचपिचीत. आणि संध्याकाळपासून पाऊस सांगितलाय."

मीर्थाबाई तिथंच होत्या. "आमच्याच माणसाची चूक, मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण काठ मऊ म्हणजे बंदच की हो."

माझं डोकंच फिरलं. "बंद कशाला? कालव्यावर स्केटिंग करताना पुलाखाली बर्फ नसला की आपण काय घरी जातो? पात्यांवरच जमिनीवरून चालतो ना, गालिचे टाकून? मग इथं काय धाड भरलीय? फोल्कर्ट, ऊठ! त्या तुझ्या अवजारांच्या खोपटाचं दार काढ!"

"बाउक्ये, वेड लागलंय तुला."

"लागलंय. दार काढ."

दार निघालं. शिड्या आल्या, फळ्या आल्या, त्या पिचपिचीत काठावर आडव्या पडल्या. वर गालिचे. आधी माझ्या बैठकीतला, आईनं जन्मभर बूट काढायला लावून जपलेला. मग काय, जो तो स्केट काढून घराकडे पळाला! पाद्रीबाबांनी तर चर्चमधली पायघडी खांद्यावर टाकून आणली.

फोल्कर्ट गालिच्यांवरून एकटाच आत गेला. मधोमध भोक पाडलं, मोजपट्टी घातली, वाकून बघितलं. तो परत आला, सरळ खांबाकडे गेला आणि दोरी ओढली.

झेंडा वर! अरे, काय ओरडलो आम्ही! मी तर ढसाढसा रडले, लाज कसली त्यात? गाव आईच्या गालिच्यावरून खडखडत गेला आणि बर्फावर सुटला.

मीर्थाबाईंना मी माझे जुने स्केट दिले. "चला, कुरणात गाड्यांसाठी जागा बघता, आता बर्फही बघा." दोनदा आपटल्या, हसत उठल्या. सूप पिताना फोल्कर्टला म्हणाल्या, "उद्या सगळं वितळणार हो."

"वितळू दे," फोल्कर्ट म्हणाला, आणि वाडगा माझ्यापुढे केला. "बाउक्ये, अजून वाढ. भूक लागलीय."