बक्कलाचे हातमोजे

"बक्कल नको वो, चाचा," हमीद म्हणाला. "हात कुटं अडाकला त काडायचा कसा?"

कुवेतच्या जुन्या बाजारात एका इराणी दुकानदारापुढे आम्ही दोघे उकिडवे बसलो होतो. लष्कराच्या लिलावातला माल तो विकायचा. कोट, बूट, कांबळी, टोप्या, सगळ्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास. त्या ढिगातून त्याने हातमोज्यांचे दोन जोड काढून आमच्यापुढे टाकले होते. एक जोड तपकिरी चामड्याचा, आत मेंढीची दाट लोकर आणि मनगटाशी पट्टा, त्याला पितळी बक्कल. दुसरा काळ्या रबराचा, कोपरापर्यंत येणारा, बेढब. त्याच्या आत घालायला जाड लोकरीचे वेगळे मोजे होते.

हमीदने रबराचा जोड हातात चढवला, दोन नंबर मोठाच उचलला होता त्याने. मग हात खाली करून एक झटका दिला. हातमोजा सुटून दुकानदाराच्या मांडीवर पडला.

"ह्यो बगा," तो हसत म्हणाला. "असा पायजे. पानी आत नाय जाऊचा, नी येळ आली का हात भायेर."

दुकानदार म्हणाला, "ये भाई ठीक बोलता है. बरफ का काम है ना? ये लो."

मी चामड्याचा जोड उचलला, बक्कल लावून बघितलं आणि म्हणालो, "हे चौदा जोड बांधा."

हे १९६५ सालच्या जानेवारीतलं. शुवेख बंदराजवळ कोळंबी गोठवायचा एक कारखाना निघाला होता. ट्रॉलरवरून कोळंबी उतरायची, धुवायची, निवडायची, पत्र्याच्या तबकांत भरून गोठवायला पाठवायची. सगळं काम बर्फात. चौदा माणसं होती, निम्म्याहून जास्त आमच्या खाडीकाठची, आणि मी झहूर त्यांचा मुकादम. पहिला हिवाळा आम्ही हाताला चिंध्या गुंडाळून काढला. बोटं उकलायची, उकललेल्यात मीठ जायचं, कोळंबीची सोंडं टोचायची. रात्री माणसं हाताला खोबरेल चोळत बसायची. शेवटी मॅनेजर साहेबांना दया आली आणि ते म्हणाले, झहूर, तू जुना माणूस आहेस, तूच निवड.

योग्य काय ते मला माहीत नव्हतं असं नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा माझी बाजू घेईल. यंत्रं बसवायला कॅनडाचा एक इंजिनिअर आला होता. त्याने आम्हाला एक फोटो दाखवला होता. सगळं तळं गोठलेलं, त्याच्यावर खोका टाकून साहेब बसलेले, समोर बर्फात पाडलेलं भोक आणि त्यात सोडलेली गळाची दोरी. "पान्यावर मानूस बसलाय!" म्हणून आमचा स्वयंपाक करणारा यूसुफ दोन दिवस तेच बोलत होता. फोटोत साहेबांच्या हातात चामड्याचे लोकरीचे हातमोजे होते, मनगटाला बक्कल. काय रुबाब होता त्यांचा! पण तेच साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते की हे नुसतं बसायचे. मासा काढायला, बर्फात हात घालायला रबराचे, ढगळ, आत लोकर. झटकला की सुटला पाहिजे, नाहीतर ओला होऊन हातावरच गोठतो. हात झटकून त्यांनी दाखवलंही होतं. इंग्रजी मला बऱ्यापैकी समजायचं. मला सगळं समजलं होतं.

पण बाजारात ते आधी हमीद बोलला.

हमीद आमच्याच गावचा, बंदर मोहल्ल्यातला. त्याचा बाप जाळी विणायचा, हमीदचा हातही त्यात बसलेला. बत्तीस वर्षांचा, अंगाने काटक, तोंडाने गोड. मी वरच्या मोहल्ल्यातला. माझ्या आजोबांचं गलबत मस्कतपर्यंत जायचं. ते बुडालं त्याला चाळीस वर्षं झाली होती, पण आमच्या घरातल्यांच्या नाकावरून अजून उतरलं नव्हतं. परक्या दुकानदारापुढे जाळीवाल्याच्या पोराने मला अक्कल शिकवावी आणि दुकानदाराने मान डोलवावी, हे मला सोसलं नाही. एवढंच कारण. आणखी मोठं कारण असतं तर मी आनंदाने सांगितलं असतं.

येताना चौदा जोडांचं गाठोडं हमीदनेच डोक्यावर घेतलं. "उबेला झकास हायत पन," तो वाटेत म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असणार.

मुर्गाब वस्तीतल्या एका खोलीत आम्ही सातजण राहायचो. जेवायला एकच मोठं ताट, भोवती सगळे. यूसुफ मधोमध भाताचा डोंगर करायचा आणि वर मासे मांडायचा. सबूर म्हणून एक मासा तिकडे मिळतो, चवीला अव्वल, पण अंगभर केसासारखे काटे. मी कुवेतला आलो त्याच वर्षी माझ्या घशात त्याचा काटा अडकला होता. इस्पितळात जाऊन काढावा लागला. तेव्हापासून हमीद माझ्या डाव्या हाताला बसायचा. सबूर असला की आधी माझ्यापुढचा तुकडा घ्यायचा, अंगठा आणि दोन बोटांनी चाचपून एकेक काटा काढायचा आणि निवडलेला मासा माझ्या बाजूच्या भातावर सरकवायचा. बोलणं चालू, नजर भलतीकडे, आणि बोटं मात्र बरोबर काट्यावर. जाळ्याच्या गाठी सोडवणारी बोटं ती. त्याला कुणी हे काम सांगितलं नव्हतं. मीही कधी नको म्हटलं नाही.

हातमोजे आले त्या दिवशी कारखान्यात सण असल्यासारखं झालं. माणसं एकमेकांचे हात दाबून बघत होती. दोन दिवस मी छाती काढून हिंडलो. तिसऱ्या दिवशी चामडं खारं पाणी प्यायलं, आतली लोकर भिजली आणि हातमोजे सुक्या माशासारखे कडक झाले. बोटं वळेनात. माणसांनी बक्कलं सोडून ठेवली, म्हणजे निदान मधून मधून हात बाहेर काढून बगलेत घालता येतील. त्यात एकाचा हातमोजा तबकात पडला आणि कोळंबीबरोबर गोठून गेला. तपासणीत मॅनेजर साहेबांच्याच हाती ती लादी लागली. आत कोळंबीच्या मधोमध तपकिरी पंजा.

साहेब माझ्यावर उखडले. मी माणसांवर उखडलो. हुकूम काढला: कामावर बक्कल लावलेलंच पाहिजे.

सगळ्यांनी ऐकलं. हमीद बर्फ फोडायच्या यंत्रावर होता. लाद्या साखळीवर चढवायच्या, साखळी त्या वर नेऊन दातेरी रुळात टाकायची. त्या गुरुवारी सकाळी मी फेरी मारताना बघितलं तर त्याचा पट्टा मोकळा लोंबत होता.

"हमीद, काय सांगितलंय?"

"चाचा, ह्या कामावर नको. साकळी जवल हाय."

"चौदा माणसांना एक कायदा आणि तुला दुसरा?"

मी त्याचा उजवा हात धरला, पट्टा ओढला आणि बक्कल माझ्या हाताने लावलं. शेवटच्या भोकात. चामडं आखडलं होतं म्हणून जोर करावा लागला, तर त्याने हात ताठ धरून मला मदतच केली.

अर्ध्या तासाने ओरडणं ऐकू आलं. पट्ट्याचं टोक साखळीत गेलं होतं. यंत्र बंद करीपर्यंत साखळीने हात रुळापर्यंत नेला. रबराचा असता तर रिकामा हातमोजा वर गेला असता. माणसं धावली, कुणी खटका ओढला, कुणी त्याला मागून धरलं. मी जिथे होतो तिथेच उभा राहिलो.

अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. बाकीचा हात डॉक्टरांनी वाचवला.

चौथ्या दिवशी मॅनेजर साहेब मला गाडीतून इस्पितळात घेऊन गेले. वरच्या ऑफिसला रिपोर्ट पाठवायचा होता. वाटेत त्यांनी सरळ सांगितलं. वस्तूत किंवा हुकुमात खोट निघाली तर त्याला गोदामात बसकं काम देऊन ठेवून घेता येईल. त्याच्या स्वतःच्या हलगर्जीपणाने झालं असेल तर ठेवता येणार नाही, मुंबईच्या बोटीत बसवावं लागेल. "तू विचार त्याला," ते म्हणाले, "आणि तो काय म्हणतो ते मला सांग." मुकादमाचं काय होईल ते बोलले नाहीत. पण हातमोजे कुणी निवडले हे त्यांना माहीत होतं आणि बक्कलाचा हुकूम कुणाचा हेही. माझा चेहरा ते बघत होते असं मला सारखं वाटत होतं.

हमीद खाटेवर बसला होता. हाताचं बोचकं मांडीवर, उशाशी बायकोचं, रुकय्याचं, पत्र. आम्हाला बघून उठायला लागला.

साहेबांनी विचारलं, हे कसं झालं? मी हमीदला विचारलं, "कसं झालं म्हणून विचारतायत."

हमीद माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुमी हुताव ना तिकडं, चाचा," तो म्हणाला. "काय सांगायचा ता तुमीच सांगा."

मी साहेबांकडे वळलो. एका वाक्याचं काम होतं. बक्कल मी लावलं, हातमोजे मी निवडले, त्याने दोन्ही वेळा नको म्हटलं होतं. ते वाक्य इंग्रजीत मी गाडीत बसल्या बसल्या जुळवूनही ठेवलं होतं.

"केअरलेस, सर," मी म्हणालो. "ही सेज, ही वॉज केअरलेस."

साहेबांनी लिहून घेतलं, हमीदच्या खांद्यावर थोपटलं आणि बाहेर गेले.

हमीदला इंग्रजी येत नव्हतं. पण कारखान्याच्या दारात एक पाटी होती, तांबड्या अक्षरांची, खाली तुटक्या हाताचं चित्र. नवा आला तेव्हा त्याने मला त्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं होतं, चाचा, ह्ये काय लिवलाय? आणि मी त्याला त्यातला 'केअरलेस' हा शब्द अर्थासकट शिकवला होता. पुढे कितीतरी दिवस कुणाच्या हातून काही पडलं की तो तोच शब्द ओरडायचा आणि सगळे हसायचे.

त्याने शब्द ओळखला. मान खाली घातली आणि रुकय्याच्या पत्राची घडी डाव्या हाताने पुन्हा घातली. जणू लाज त्यालाच वाटत होती.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला परत बाजारात पाठवलं. ह्या वेळी काळ्या रबराचे घेतले, दोन नंबर मोठे, आत लोकरीचे मोजे. तेरा जोड. इराणी दुकानदाराने मला ओळखलं.

"वो तुम्हारा साथी तो उसी दिन यही बोलता था," तो म्हणाला. "आज नहीं आया?"

"काम पे है," मी म्हणालो. एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्याला जोर लागत नाही.

हातमोजे सगळ्यांना आवडले. साहेबांनी तर चारचौघांत सांगितलं, झहूरची निवड चांगली आहे. कुणीतरी खाली बघून हात झटकला, रबर फरशीवर पडलं, आणि मी तिथून निघून गेलो.

हमीदची बोट त्यानंतर तीन आठवड्यांनी, शुक्रवारी संध्याकाळची होती. जुम्याच्या नमाजानंतर सगळे एकत्र जेवायला बसलो. त्याची पत्र्याची पेटी दाराशी दोरी बांधून तयार होती, गाठही त्यानेच दातांनी ओढून मारलेली. यूसुफने त्याच्यासाठी म्हणून सबूर आणला होता. एरवी त्या खोलीत जेवताना गलका असायचा. त्या दिवशी नुसती बोटं भातात फिरत होती.

मी मुद्दाम दाराकडच्या टोकाला बसलो. हमीद मोरीतून हात धुऊन आला, एकवार सगळीकडे बघितलं आणि यूसुफला जरा सरकवून माझ्या डाव्या हाताला येऊन बसला.

"हमीद," मी म्हणालो. "तिकडं साहेबापुढं मी..."

"भात निवतोय, चाचा. जेवा आदी."

त्याने माझ्यापुढचा तुकडा ओढला. पट्टी काढलेली होती, कातडी अजून गुलाबी. अंगठा आणि करंगळीजवळचं बोट ह्यांच्यात जमवाजमव करत तो काटे काढू लागला. ते बोट त्या कामाला नवीन होतं. मासा निसटायचा, तो परत धरायचा. कपाळावर घाम आला होता. आता त्याची नजर भलतीकडे नव्हती, हातावरच होती. यूसुफ म्हणाला, "दे रे, मी काडतो." हमीदने मान हलवली. त्याच्या जाळ्यांचं पुढे काय होणार, हा विचार मी इतके दिवस लांब ठेवला होता. तो त्या ताटावर माझ्यासमोर येऊन बसला.

बऱ्याच वेळाने त्याने निवडलेला मासा माझ्या भातावर सरकवला. चिवडून चिवडून त्याचा पार भुगा झाला होता.

"खावा," तो म्हणाला.

मी घास घेतला. तिसऱ्या घासाला टाळूत काटा रुतला, चांगला लांब. पाठोपाठ आणखी एक, जिभेखाली.

हमीद माझ्या तोंडाकडे बघत होता. "काटा ऱ्हायलाय काय वो?"

सगळे थांबले.

"नाय रे," मी म्हणालो. "एक पन नाय."

भाताचा मोठा घास घेऊन मी दोन्ही काटे गिळले. हमीदचा चेहरा सैल झाला. शर्टाच्या बाहीने त्याने कपाळ पुसलं आणि माझ्यासाठी दुसरा तुकडा निवडायला घेतला.