पाहुणे जाईपर्यंत आजारी

शाळेचा गणवेश इस्त्री करून खुंटीला टांगलेला होता आणि ज्या मुलीचा तो होता, ती डोक्यावर पांघरूण ओढून पडली होती. आत्यानं चहाचा कप बाजूला ठेवला आणि भाचीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"वहिनी, चिंगीला काय झालंय?"

"ताप आहे," वहिनी ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "आजचा दिवस राहू दे घरी, वन्सं."

आत्याला निघायची घाई होती. सगळ्या मुलांना सारखं वागवणारे मुख्याध्यापक आपली शाळा कशी बदलतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिनं लिहिलेलं इतर मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात शिकवलं जाई. यंदा नेमकी थोरल्या भावाची शाळा निवडली गेली. "माझाच भाऊ आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा," असं तिनं सांगूनही पाहिलं होतं, पण वरिष्ठांनी ते कानाआड केलं.

शाळा मात्र दृष्ट लागावी अशी. फरशा लख्ख, भिंतीवर भल्यामोठ्या अक्षरांत 'इथे सगळे समान'. दादा तिला पाचवीच्या वर्गात घेऊन गेला. प्रश्न विचारायचा अवकाश, सगळे हात वर. एका मुलीनं धडा घडाघडा वाचून दाखवला. फक्त मागचे बाक रिकामे होते.

"तिथली मुलं कुठे गेली?" आत्यानं विचारलं.

"आजारी आहेत," वर्गाच्या बाई म्हणाल्या.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत पोर मदतीला धावली. "पाहुणे आले की त्यांना ताप येतो, मॅडम. पाहुणे गेले की उतरतो."

वर्ग हसला. बाई फळा पुसायला लागल्या. त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

दादाच्या खोलीत दार लावून घेतल्यावर आत्या म्हणाली, "कधीपासून चाललंय हे?"

"सगळीकडेच चालतं. तू काय आभाळातून पडलीस? अडखळत वाचणाऱ्या पोरांना पाहुण्यांपुढे उभं करून त्यांचं हसं करू? आम्ही त्यांची लाज झाकतो."

"त्यांची की तुझी? चिंगीलाही घरी ठेवलंस."

"तिला तर आधी. मुख्याध्यापकाची मुलगी अक्षर अक्षर जोडत वाचते, हे चारचौघांत दिसलं तर माझं ऐकेल कोण? तू आपलं चांगलं लिही आणि मोकळी हो."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दादावर चिडून तरी काय होणार होतं? आजवर किती वर्गांचं तिनं कौतुक लिहिलं, 'सगळे हात वर होते' म्हणून. तिथले मागचे बाक तिनं पाहिलेच नव्हते. वाचकहो, इथे कुणी खलनायक नाही, हेच तर डोकं उठवणारं आहे. दादा मुलीवर जीव टाकतो, बाई मन लावून शिकवतात, आणि तरीही सगळे मिळून धडधाकट पोरांना अंथरुणात घालतात.

"मी तुझी शाळा अजून पाहिलेलीच नाही, एवढंच लिहीन," ती म्हणाली आणि उठली.

घरी पोचली तर चिंगी पांघरुणातून डोकावली. तिनं अगदी हळू विचारलं, "आत्या, पाहुणे गेले? मी आता बरी होऊ?"

वहिनी दारात उभी होती, तिनंही ते ऐकलं.

"पाहुणे येणार म्हटलं की हिला आता खरंच ताप आल्यासारखं वाटतं, वन्सं," ती म्हणाली. "आम्हीच शिकवलं."

"पाहुणी अजून गेलेली नाही, चिंगे. ऊठ, गणवेश घाल."

"बाबा रागावतील."

वहिनीनं खुंटीवरचा गणवेश काढून तिच्या हातात दिला. "रागावू देत. मी आहे ना."

तिघी निघाल्या. वाटेत चिंगीनं मागच्या बाकांवरच्या सोबत्यांची घरं दाखवली. एका घरातले वडील म्हणाले, "सरांनीच सांगितलंय, पाठवू नका म्हणून. उगाच आमच्या पोरीला का अडचणीत आणता?" आणि त्यांनी दार लावून घेतलं. आत्यानं पुन्हा वाजवलं, ते उघडलं नाही. पुढच्या घरातून मात्र दोघं भावंडं दप्तरं घेऊन बाहेर आली.

दादा फाटकातच उभा होता. आवाज खाली आणून तो बायकोला म्हणाला, "हिला ताप आहे ना?"

"बघा ना हात लावून," वहिनी म्हणाली आणि तिनं मुलीला पुढे केलं.

चिंगीनं कपाळावरचे केस बाजूला सारले आणि मान वर केली. दादानं रस्त्याकडे पाहिलं, वर्गांच्या खिडक्यांकडे पाहिलं. फाटक त्यानं सोडलं नाही आणि त्याचा हात काही वर आला नाही. चिंगी तशीच कपाळ पुढे करून वाट बघत उभी राहिली.