हाक तुटू द्यायची नाही

धाकटीचे केस पिकायला लागले होते, तरी सगळे तिला धाकटीच म्हणायचे, कारण वर थोरली होती. गेल्या हिवाळ्यात थोरली गेली आणि नाव मात्र तसंच राहिलं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता ती स्वतःच म्हणायची, "आता मी कुणाची धाकटी, ते तेवढं विचारू नका." गिऱ्हाईक हसायचं. ती हसायची नाही.

दोघी बहिणी मिळून गायच्या. पोटासाठी नव्हे, वर्षातून एकदा हौसेने, दोरखंडाच्या बंद पडलेल्या कारखान्यात लोकसंगीताचा महोत्सव भरायचा तेव्हा. लांबलचक पत्र्याची शेड, एका टोकाला लाकडी मंच. माइक लावायचा नाही, हा तिथला नेम. महोत्सवाचे सेक्रेटरी एरवी अगदी गरीब गाय, पण कुणाच्या वाद्यातून वायर डोकावली की त्यांच्या अंगात यायचं. "ज्याला दम नाही त्याने न्हाणीघरात गावं," असं ते तोंडावर सांगत.

बहिणींचं एक गाणं ऐकायला लोक लांबून यायचे. धुकं पडलंय, नवऱ्याची नाव नदीत अडकलीय, बायको काठावरून हाक मारतेय. तिच्या हाकेच्या रोखाने तो नाव वल्हवणार. हाक तुटली की नाव चुकली. म्हणून गाण्याच्या शेवटी एकच लांब सूर यायचा, आणि तो कुठेही तुटायचा नाही. ऐकणाऱ्यांना वाटायचं, या बायकांच्या छातीत फुप्फुसं आहेत की लोहाराचे भाते.

खरी गोष्ट साधी होती. दोघी खेटून बसायच्या, करंगळीत करंगळी अडकवून. एकीचा दम संपत आला की तिने दुसरीची करंगळी दाबायची. दुसरीने तत्क्षणी सूर उचलायचा आणि पहिलीने गुपचूप श्वास घ्यायचा. याला घरात 'पालट' म्हणत. दोघींचे आवाज इतके मिसळलेले की सांधा कुणाला सापडायचा नाही. धाकटी एकदा दाबायची. थोरली दोनदा, टक टक, दारावर वाजवावं तसं. आणि नियम एकच होता. दुसरीने उचलल्याशिवाय पहिलीने सूर सोडायचा नाही, जीव गेला तरी.

"जीव गेला तरी" हे थोरली हसत हसत म्हणायची. शेवटी तिला नेलं ते दम्यानेच.

थोरलीचा नवरा सुतार. त्याला धाकटी दाजी म्हणायची. स्वतः बनवलेल्या गिटारवर दाजी बहिणींना साथ करायचे. बायको गेल्यापासून ते विचारल्याशिवाय बोलत नव्हते, आणि तिची राखाडी शाल दाराच्या खुंटीवर होती तिथेच लटकत होती. यंदा गाणं नको, असं धाकटीने मनाशी ठरवलं होतं. पण दाजींनीच हट्ट धरला.

"जागा रिकामी ठेवू नये," ते म्हणाले. "चिंगी बसेल."

चिंगी म्हणजे त्यांची लेक. दातांच्या दवाखान्यात कामाला होती. पेशंटचं तोंड उघडं असलं की त्याला बोलता येत नाही, म्हणून सगळ्यांच्या वाट्याचं तीच बोलायची. आवाज गोड होता, पातळ, चहात साखर जरा जास्त पडावी तसा. आईचा आवाज जाड, किंचित खरखरीत, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी हसू असायचं. दोन्हींचा काही मेळ नव्हता.

तालीम दाजींच्या कामाच्या खोलीत, भुशाच्या वासात चालायची. चिंगीचा दम तोकडा. ती मधेच सूर टाकून खोकायची आणि धाकटी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"मी उचलल्याशिवाय सोडायचा नाही. कितीदा सांगू?"

"आणि तू नाहीच उचललास तर?"

"न उचलायला मला काय वेड लागलंय?"

चिंगी हसली. दाजी मान खाली घालून तारा पिळत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी चिंगी आईची राखाडी शाल पांघरून आली. "बाबांनी दिली," ती म्हणाली. धाकटीला ते आवडलं नाही, पण ऐन वेळी तोंड कशाला उघडा, म्हणून ती मंचाकडे वळली.

भर दुपार होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे खाली येत होते आणि त्यांत धूळ तरंगत होती. मंचावर दोन खुर्च्या, मागे दाजींचं स्टूल. गाण्याची कडवी ठीक पार पडली. लोकांनी पोरीला सांभाळून घेतलं. मग हाक आली.

पहिला सूर धाकटीचा. तिने करंगळी दाबली, चिंगीने उचलला. पातळ, पण सरळ. चिंगीने दाबली, धाकटीने उचलला. असे दोन-तीन पालट झाले आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला. निभावेल पोरगी, असं तिला वाटलं. तिने पुन्हा करंगळी दाबली.

चिंगीने सूर उचलला आणि तो थोरलीच्या आवाजात आला.

थोरलीसारखा नव्हे, थोरलीचाच. तीच जाडी, तीच खरखर, तळाशी तेच हसू. मागे गिटारवर दाजींचा हात थांबला. पहिल्या रांगेतल्या म्हातारीने पदर तोंडाशी नेला. धाकटीच्या मानेपासून पाठीपर्यंत काटा सरसरत गेला, आणि त्याच्या पाठोपाठ इतका आनंद झाला की तिचे डोळे भरून आले.

माणूस गेलं की चेहरा राहतो, फोटो असतात. आवाज आधी जातो. सबंध हिवाळा अंथरुणात पडल्या पडल्या धाकटीने तो आठवायचा प्रयत्न केला होता, आणि दर वेळी तो थोडा थोडा निसटला होता. आता तो हातभर अंतरावर होता.

करंगळी दाबली गेली. एकदा. चिंगीची खूण होती. घे.

धाकटीने छाती भरून श्वास घेतला होता. तोंडही उघडलं होतं. तिने सूर उचलला नाही. एक क्षण, तिने स्वतःला सांगितलं. फक्त एक.

पुन्हा दाबली गेली, जोरात. मग नख रुतलं. धाकटीला ते दुखत होतं आणि ती ऐकत होती. मी उचलला की ताई जाणार, हे तिला कळत होतं. त्याहून दुसरं काही कळून घ्यायची तिची तयारी नव्हती.

मग तिने पोरीकडे पाहिलं. चिंगीचे डोळे तिच्यावर खिळले होते आणि त्यांत भीती होती. मानेच्या शिरा टरारल्या होत्या, ओठ जांभळे पडायला लागले होते. चेहरा बुडत्या माणसाचा, आणि तोंडातून येणारा आवाज मात्र निवांत, दुपारी अंगणात बसून गावं तसा. त्या आवाजाला श्वासाची गरजच नव्हती. गरज पोरीला होती, आणि पोरगी नियम पाळत होती. मावशीने उचलल्याशिवाय सोडायचा नाही.

करंगळीवरचा दाब हलका हलका होत गेला. मग सैल पडला. आणि त्याच सैल, गार बोटातून खूण आली, टक टक, दारावर वाजवावं तशी.

ताई विचारत होती, घेतेस ना? घ्यायला काहीच हरकत नव्हती. पोरीला श्वास मिळाला असता. पण मग पुन्हा पालट आला असता, पुन्हा ताई आली असती, आणि धाकटी पुन्हा ऐकत बसली असती. हे तिला स्वतःबद्दल लख्ख कळलं.

तिने सूर उचलला नाही. करंगळी हिसडून सोडवली आणि भर सभेत चिंगीच्या तोंडावर तळवा दाबला.

हाक तुटली. वरच्या पत्र्यात ती थोडी रेंगाळली, आणि मग तिथेही नव्हती. तळव्याखाली पोरीने नाकाने श्वास ओढला, चिंधी फाटावी असा आवाज झाला. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. अखेर कुणीतरी वाजवल्या आणि बाकीच्यांनी सुटकेने साथ दिली.

"शेवट नवीन बसवलात वाटतं," उतरताना सेक्रेटरी म्हणाले. "पण काय दम आहे हो पोरीला. आईवर गेलीय."

मागच्या खोलीत चिंगी घटाघटा पाणी प्यायली. रंग परत आला होता. ग्लास खाली ठेवून ती म्हणाली, "मावशी, मी बोट दाबत होते. किती दाबलं. तुला कळलं नाही?"

"कळलं," धाकटी म्हणाली.

चिंगी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. धाकटीच्या बोटावर नखाची चंद्रकोर उमटली होती, ती तिने मुठीत लपवली.

दाजी गिटार घेऊन आत आले. त्यांनी ती भिंतीला टेकवली. गाण्याचा तो हट्ट सोडला, तर कित्येक महिन्यांनी न विचारता बोलले ते हेच. "अजून जरा थांबायचं होतंस."

"पोरगी गुदमरत होती, दाजी."

"घेतला असता की तिने श्वास. माणूस असं मरतं का?"

बोलताना त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. मग जवळ जाऊन बसले, तिचा हात हातात घेतला आणि थोपटत राहिले. चिंगीला बरं वाटलं असावं. ती बापाच्या खांद्याला टेकली आणि शाल टोचते, घरी गेल्यावर धुवायला टाकते, दवाखान्यातल्या बाईंना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही, असं नेहमीसारखं बोलू लागली. दाजींची बोटं तिच्या हातावरून करंगळीपाशी आली. त्यांनी ती दाबली. टक टक.

चिंगी वाक्याच्या मधेच थांबली. तिने श्वास आत घेतला, खोल, छाती भरून, आणि तशीच राहिली.

"हात सोडा तिचा," धाकटी म्हणाली. दाजींनी सोडला नाही. ते लेकीच्या ओठांकडे पाहत होते. धाकटीने उठून तो हात ओढून काढला, दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "सोड, बाळा. सोड तो श्वास. मी सांगतेय ना."

चिंगीने श्वास सोडला. नुसताच श्वास होता, आणखी काही नाही. "काय झालं तुम्हाला दोघांना?" तिने आपल्या पातळ, गोड आवाजात विचारलं.

दाजींनी चेहरा ओंजळीत लपवला. धाकटीला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी, क्षणभर, तिला फार वाईट वाटलं.