चार वाव खोल सावली

नऊ मे, सकाळी सहा चाळीस. मालवणच्या किनाऱ्यापासून होडीने अर्ध्या तासावर, चार वाव, म्हणजे चोवीस फूट, खोल पाण्यात, डायव्हर हेमलता तांडेल हिला तिची पोवळी पांढरी पडलेली दिसली.

वर समुद्र निळा होता, नितळ होता, निश्चल होता. खाली लोखंडी चौकट. तिच्यावर हेमलताने तीन वर्षांपूर्वी पोवळ्यांचे बोटभर तुकडे बांधले होते. त्यांच्या हातभर फांद्या झाल्या होत्या. मधाच्या, मातीच्या, पिकल्या सुपारीच्या रंगाच्या.

तो रंग पोवळ्यांचा नव्हताच. तो त्यांच्या देहात वस्तीला असलेल्या सूक्ष्म शैवालाचा. ऊन रांधून हे शैवाल पोवळ्याला भरवतं. पण पाणी तापलं, तापतच राहिलं, की त्याच्या हातचं अन्न विखारी होतं. आणि पोवळं आपल्याच अन्नपूर्णेला घराबाहेर काढतं. मग उरते शुभ्र, सुंदर, स्फटिकधवल उपासमार.

वैशाखात सुपारीचं रोप पिवळं पडलं, की या किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांचा झाप विणून त्यावर सावली धरतात. हेमलताने वडिलांकडे झाप मागितले. भिवा तांडेल जन्मभर जाळं टाकत आलेले.

"दर्यात मांडव? लगीन कोणाचा?"

ती हसली नाही. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत विणत राहिले, एकही झावळी सैल न सोडता.

दुसऱ्या दिवशी दगड बांधून झाप खाली उतरवले. सावली पडली, हिरवी, हलती, जाळीदार. दोन मासे लगेच तिच्यात शिरले. हेमलताने उघड्यावर तापमापक धरला : एकतीस पूर्णांक आठ. सावलीत धरला : एकतीस पूर्णांक आठ.

ऊन अडलं होतं. ऊब अडली नव्हती.

ती वर आली. भिवांनी विचारलं, थंड झालं का.

"नाय, बाबा. उन्हाचा काय नाय. पाणीच तापलेला आसा."

भिवांनी होडीच्या काठावरून हात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"मगे?"



सतरा मे. सदतीस फांद्यांपैकी एकोणतीस पांढऱ्या. पाणी एकतीस पूर्णांक नऊ. पांढऱ्या फांद्या मेलेल्या नाहीत. हेमलता अगदी जवळ गेली, तेव्हा छिद्राछिद्रातून पोवळ्यांचे केसाएवढे हात बाहेर आलेले होते. पारदर्शक, पसरलेले, कोमट पाण्यात घास चाचपडणारे.